पंखावरचा निळा हात

पीठ आधी चाळून घ्या

पंख कापलेले सापडले तेव्हा फौजदारबाई एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून डोळे मिटून पडल्या होत्या. आपल्याला कुणी उठवलंच नसतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना पुढे दिवसभर वाटत राहिलं.

किंकाळी वगैरे काही झाली नाही. दार उघडलं, वकील आत आला.

"बाई, चला. पंख गेले."

"गेले म्हणजे? उडाले?"

"कापले. कुणीतरी कापले."

वकिलाने आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. प्रत्येक वाक्याला 'पण' लावायची खोड, म्हणून मंडळींनी वकील करून टाकलेला. आज तो गळ्यापासून घोट्यापर्यंत चंदेरी चिलखतात होता आणि चालताना पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता.

फौजदारबाईंनी पाय खाली घेतले. नवे बूट टाचेला चावत होते. खात्यातून निवृत्त होताना त्यांनी एकच शपथ घेतली होती, यापुढे कुणी काय केलं ते विचारायचं नाही. लोक सांगतात. सगळं सांगतात. ऐकून ऐकून माणूस भिजलेल्या गोणपाटासारखा जड होतो.

सभागृहाच्या मागे पोशाखांची खोली होती. पडदा ओढलेला, आत अंधूक उजेड. मास्तरांनी आपल्या लेकीसाठी केलेले ते पंख भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले होते. माणसाहून उंच, पांढरेशुभ्र, तारेच्या सांगाड्यावर एकेक पीस वेगळं कापून, खळ देऊन कडक केलेलं. उजव्या पंखाला मुळापासून मध्यापर्यंत कात्री लागली होती. तारा उघड्या पडल्या होत्या.

आणि कापलेल्या जागेच्या खाली, पांढऱ्या कापडावर, एक निळा हात उमटला होता.

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. दारात फौजदारबाईंची भाची उभी होती. आजच्या कार्यक्रमात ती 'रात्र' होती. कपाळापासून बोटांच्या टोकांपर्यंत गडद निळी.

थोडं थोडं पाणी घाला, गुठळी होऊ देऊ नका

तिला मंडळी 'शाई' म्हणायची. बोटं कायम रंगलेली, म्हणून.

शाईची आई, म्हणजे फौजदारबाईंची धाकटी बहीण, गेली तेव्हापासून पोरगी मावशीच्या घरी होती. घरी म्हणजे एका बंद दारामागे. दाराबाहेर ताट ठेवायचं, रिकामं ताट उचलायचं. चोर-दरोडेखोरांना बोलतं करणाऱ्या बाईंना त्या दारामागून एक शब्द काढता आला नव्हता. मग एक दिवस आतून आवाज आला, "मावशी, घरात कॉर्नफ्लॉर आहे का?"

बाई दुकानात धावत गेल्या होत्या. या वयात, त्या गुडघ्यांनी.

पोरीने कुठलीतरी चित्रं पाहून अंगाला लावायचा रंग घरीच करायला घेतला. कॉर्नफ्लॉर, त्यात कोल्ड क्रीम, पाणी, वाळल्यावर तडकू नये म्हणून ग्लिसरीनचे थेंब, आणि खायचा रंग. ओटा निळा, नळ निळा, मांजर निळं. पण दार उघडं राहू लागलं. रंगापायी ती या मंडळींत आली. कल्पनेतली पात्रं अंगावर चढवून मिरवणारी ही आठ-दहा वेडी माणसं. आता सगळ्यांसाठी पांढरं मिश्रण एका मोठ्या पातेल्यात तीच करायची, आणि ज्याने त्याने आपापल्या वाटीत आपापला रंग घालायचा.

फक्त अंगाला कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वतःच्या पाठीला रंगसुद्धा ती लाकडी उलथन्याला स्पंज बांधून स्वतःच लावायची.

"नियम आहे," वकील म्हणाला. "दुसऱ्याच्या पोशाखाला इजा केली की मंडळातून बाहेर. कायमचं. मी काही वाईटपणाने म्हणत नाही, पण..."

"मी घरी जाते," शाई म्हणाली. इतकंच.

'घरी' म्हणजे काय ते त्या खोलीत एकट्या फौजदारबाईंना कळलं. त्यांना ते दार दिसलं. आपलं म्हातारपण त्या दाराबाहेर ताट हातात घेऊन उभं असलेलं दिसलं.

"कुणी कुठे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला एक खुर्ची द्या."

हात सगळ्यांत शेवटी रंगवा

"तू कापलेस?"

"नाही."

"हात लावलास?"

"नाही."

"कुठे होतीस?"

"आरशाच्या खोलीत. सगळे फोटोला बाहेर गेले. माझा रंग ओला होता. उन्हात गेले असते तर घाम येऊन ओघळला असता."

"म्हणजे इमारतीत तू एकटी."

"मास्तरांची बगळी होती. तिची पाठ दुखत होती, पलीकडे आडवी पडली होती."

"हात रंगवलेले होते?"

"तेव्हा नव्हते. हात शेवटी रंगवतात, मावशी. हात रंगवले की कुठलंच काम करता येत नाही. ना बटण, ना बाटलीचं झाकण. जिथे हात लावशील तिथे रंग."

"वाळल्यावरही?"

"वाळल्यावरही. घरचा रंग आहे, बाजारचा नाही. क्रीम असतं त्यात. खुर्चीला लागतो, कपाला लागतो. तुला माहीत नाही? तुझ्या पांढऱ्या उशीचं काय झालं?"

"तुझ्या हातांना तेव्हा रंग नव्हता हे कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"शाई, माझ्याकडे बघ."

"नको ना मावशी. तुलाही तसंच वाटत असेल तर सांगून टाक. मी दमलेय."

पातेलं झाकून ठेवा

कात्री आक्कांची. आक्का मंडळाच्या शिवणकामाच्या कर्त्याधर्त्या, तोंडाने फटकळ. रंग अंगाला लावत नसत. "मला शोभेल असा एकच रंग आहे, तो देवाने आधीच लावलाय," असं म्हणत.

"कात्री टेबलावर होती. कुणीही उचलावी," त्या म्हणाल्या. "आणि मी कापायचे असते तर नीट शिवणीवरून कापले असते. हे बघा, कसं उसवाउसवी केल्यासारखं केलंय. माझी लाज काढली."

"तुम्हाला ते पंख आवडत नव्हते म्हणे."

"आवडायचे काय त्यात? पोरीच्या पाठीवर कपाट! मास्तरांना सांगून थकले. पण पंख म्हटलं की मास्तरांना पुढचं ऐकू येत नाही."

फौजदारबाईंनी कात्री उलटसुलट करून पाहिली. दांड्यांवर बोटांना लागू नये म्हणून पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली. पट्टी स्वच्छ होती.

"पंखांचं कापड इतकं कडक कसं?"

"खळ. बाजारची नव्हे, तुमच्या भाचीच्या डब्यातलं कॉर्नफ्लॉर उरलं होतं, तेच शिजवून दिली. एकच पीठ, निम्मं माणसांना, निम्मं कापडाला." आक्कांनी खळ दिलेल्या उरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "घ्या, हव्या तर कॉलरला लावा."

बाईंनी एक पट्टी खिशात टाकली. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. जुनी सवय. मग त्या पुन्हा पंखांपाशी गेल्या, पडदा सारला आणि वकिलाला हाक मारली.

"भिंगं घासतोस ना? मग नीट बघ. काय दिसतंय?"

वकील वाजत वाजत वाकला. "अर्धाच पंजा आहे. अंगठ्याखालचा मांसल भाग अगदी काळानिळा. बोटं जेमतेम दिसतायत."

"रंगवलेला हात टेकला तर आधी काय उमटेल?"

"बोटं. पण..."

"पण राहू दे. कापडाला हात लाव. तेलकट आहे?"

त्याने हातमोजा काढून बोट फिरवलं. हुंगलं. चिलखतात एकदम शांतता झाली.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "क्रीमचा वास नाही."

वास आला तर फेकून द्या

मास्तरांची मुलगी बगळ्याच्या वेशात होती, म्हणून बगळी. वय तिशीच्या आसपास. पलीकडच्या खोलीत सतरंजीवर सरळ रेषेत पडलेली.

"कात्रीचा आवाज ऐकला मी," छताकडे बघत ती म्हणाली. "वाटलं, आक्का काहीतरी करतायत."

"उठून पाहिलं नाहीस?"

"बाई, मी आता कारणाशिवाय उठत नाही. कितीतरी वर्षं ते ओझं पाठीवर घेतेय. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं."

"मग घालतेस कशाला?"

ती हसली, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून थांबली. "आई गेल्यावर बाबांनी तीन महिने पेन्सिल हातात धरली नाही. मग एकदा मी म्हटलं, मला पंख करून द्या. उगाच म्हटलं हो! दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तारा वाकवत बसलेले. आता दर वर्षी आधीच्यापेक्षा मोठे. नाही कसं म्हणू?" तिने मान वळवली. "त्यांना सांगू नका हं. पंख गेले हे ऐकून मला आधी काय वाटलं माहितीये? आज पाठीला सुट्टी. असली मुलगी मी."

"तू कापलेस?"

"तेवढं वाकता आलं असतं तर कापले असते."

एकदम घट्ट लावू नका

मास्तर अंगणात एका दगडावर बसले होते. शाळेत चित्रकला शिकवणारा लांबट, वाकलेला माणूस. आज ते झाड होते. चेहरा, मान, हात सगळं खोडाच्या तपकिरी रंगात, वर सालीच्या भेगा.

"पोरगीला घरी पाठवू नका, बाई," बाई बसायच्या आधीच ते म्हणाले. "पंख काय, पंख होतील. किंवा नाही होणार. पोरीला घालवू नका."

"पंखांचं तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. माझ्या लेकीचा जीव आहे त्यात. तिच्यासाठीच सगळं." आवाज असा, जसं पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकावं. "अजून किती दिवस हे जमेल, कुणास ठाऊक. बोटं आखडतात."

"मधे तुम्ही आत आला होतात?"

"डिंक शोधायला. मिळाला नाही. वकीलही पाणी प्यायला आला होता."

"रंग छान जमलाय तुमचा."

"शाईचं पीठ. मी त्यात कोको घातला, जराशी कॉफी."

त्यांनी हात पुढे केले. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, तपकिरीत एक काळसर डाग पसरला होता.

"हे काय?"

"हे होय? शेवाळ," मास्तर म्हणाले आणि हात मांडीवर पालथे ठेवले. "जुन्या झाडांना येतं."

आधी थोडंसं हातावर लावून पाहा

बाई परत येऊन खुर्चीत कोसळल्या. टाच आता रडकुंडीला आली होती. बूट काढला, मोजा काढला. कातडी सोलून निघालेली. भिंतीवर औषधांची पेटी होती. त्यांनी आयोडीनची बाटली काढली. झाकण चिकट होतं, कुणीतरी घाईने लावलेलं. बोटावर थोडं घेऊन टाचेला लावलं. झोंबलं. तोंडातून खात्यातली एक जुनी शिवी निघाली.

बोट तांबूस झालं होतं. पुसायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी खिशात हात घातला आणि आक्कांची ती पांढरी पट्टी बाहेर काढली.

बोट पुसलं.

मग त्या पट्टीकडे बघत राहिल्या. किती वेळ, कुणास ठाऊक. टाच झोंबायची थांबली तरी बघत राहिल्या.

"वकील," त्यांनी हाक मारली. आवाज आनंदाचा नव्हता. "सगळ्यांना बोलव. आणि कुणी हात धुवायचे नाहीत म्हणून सांग."

वाळू द्या

सगळे पंखांसमोर उभे राहिले. शाई शेवटी, खांद्याला पिशवी लावून, दाराला टेकून.

"या पोरीचा रंग ज्याला लागला नाही असा इथे कुणी आहे?" फौजदारबाईंनी सुरुवात केली. "माझ्या घरात तर मांजरालाही लागलाय. हात निळा असता तर कात्रीची पांढरी पट्टी निळी झाली असती. कडी निळी झाली असती, पडदा निळा झाला असता. काही नाही. एवढ्या खोलीत निळं फक्त एकाच ठिकाणी. आणि तिच्या रंगात क्रीम असतं, कापडाला लागलं की भोवती तेलाची कडा धरते. इथे कडा नाही. हा रंग तिचा नाहीच."

"पण मग निळा आला कुठून?" वकील म्हणाला. या वेळचा 'पण' खरा होता.

"तुम्ही सगळी रंगवाली माणसं. निळं दिसलं की निळा हात शोधता. हात निळा नव्हताच."

त्यांनी बाटली उघडली, बोट बुडवलं. तांबूस-पिवळं बोट सगळ्यांना दाखवलं. आणि ते आक्कांच्या नव्या पट्टीवर टेकवलं. पांढऱ्या कापडावर डोळ्यांदेखत गडद निळा, जवळजवळ काळा ठिपका उमलला.

"अगं बाई!" आक्का म्हणाल्या. "शाळेत बटाट्यावर करायचो ते!"

"तेच. पिठाला आयोडीन लागलं की निळं होतं. पंखांना पिठाची खळ आहे. कापणाऱ्याने कापलं, ताणलेली तार सुटून तळहाताला लागली. तो पेटीपाशी गेला, औषध लावलं. आणि परत आला." त्या थांबल्या. "का परत आला, ते मला माहीत नाही. पण ओला हात पंखावर ठेवला. पडदा ओढलेला, त्यामुळे काय उमटलं ते त्याला दिसलं नसणार."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"आणखी एक. त्या माणसाने नंतर हातांना रंग लावला असेल, तर तो रंगही पिठाचाच. जखमेपाशी तो आपोआप काळा पडला असणार."

वकिलाने चंदेरी हातमोजे ओढून काढले आणि घाईघाईने आपले तळवे पाहिले. आक्कांनी कोरडे हात उलटे करून पाहिले. दाराशी शाईनेसुद्धा आपले निळे हात पाहिले. आडवी पडून राहिलेली बगळीही तळवे निरखू लागली.

एकट्या मास्तरांनी आपला हात पाहिला नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती.

"बाबा?" बगळी म्हणाली.

"तू परवा जिन्यात बसली होतीस," मास्तर तिच्याशी बोलायला लागले, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "भिंतीला धरून. चार पायऱ्या चढायला थांबत होतीस. मी वरून पाहिलं. मला बघून उभी राहिलीस आणि हसलीस. मला वाटलं, हिला सांगावं, नको घालूस. पण तुझा एवढा जीव त्या पंखांत..."

"माझा?" बगळी म्हणाली. "माझा जीव?"

"मग कुणाचा?"

"तुमच्यासाठी घालत होते मी!"

"मी तुझ्यासाठी करत होतो. मला तर दोन वर्षांपासून तार बघितली की मळमळतं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग बगळी हसायला लागली, पाठीला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तरांना हसावं की नाही ते कळेना.

"कापून झाल्यावर परत का गेलात?" फौजदारबाईंनी विचारलं.

"तसाच निघवेना, बाई. एकदा हात ठेवला, बस." त्यांनी मान खाली घातली. "नंतर निळा हात दिसला तेव्हा मला खरंच वाटलं, माझ्यामागून शाई येऊन गेली. कापलेलं बघून तिने हात ठेवला असेल."

"म्हणजे तिने कापलं नाही हे ठाऊक होतं. तरी गप्प बसलात."

"दर क्षणाला वाटत होतं, आता सांगतो. पुढच्या क्षणाला नक्की सांगतो." मास्तर शाईकडे वळले. "बाळ, मी..."

शाईची दाराजवळची जागा रिकामी होती.

पुसताना चोळू नका

गुन्हेगार सापडला की पूर्वी फौजदारबाईंना गाढ झोप यायची. आज आली नाही. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, अशा त्या पडवीतून चालत गेल्या. मागे वकील वाजत येत होता.

"बाई, तिला सांगा, नियम मीच केला होता, मीच मोडतो. नाहीतर मलाच बाहेर काढा म्हणावं. बगळी तर म्हणतेय, आज मी समोर खुर्चीत बसून बघणार, उशी द्या. आणि मास्तर..."

"वकील."

"हं?"

"उभा राहा तिथेच. वाजू नकोस."

आरशाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाई बाहेर थांबल्या. ठोठावायला हात वर गेला आणि तसाच राहिला. या दारांची त्यांना सवय होती. ठोठावून ती उघडत नाहीत.

"शाई, ऐकलंस ना सगळं?"

त्यांनी भिंतीला खांदा टेकवला.

"तुला जायचं असेल तर मी रिक्षा बोलावते. राहायचं असेल तर मी बसते. दोन्ही मला चालेल. माझ्या टाचेला मात्र दोन्ही चालणार नाही."

आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. लाकडाचा.

"मावशी."

"हं."

"पाठीचा रंग तडकलाय. ग्लिसरीन कमी पडलं वाटतं." थोडं थांबून, "उलथन्याचा दांडा मोडला."

फौजदारबाईंनी अनवाणी पाऊल दाराजवळ सरकवलं.

"हाताने लावतेस का?" आतून आलं.

दार लोटलेलंच होतं, कडी नव्हतीच. बाई आत गेल्या. पोरगी आरशाकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. पायाशी उलथनं पडलेलं होतं. दांडा चांगला शाबूत होता. बाईंना तो दिसला. यापुढे कुणी काय केलं ते विचारायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. ती त्यांनी इथे पाळली.

वाटीतलं थंडगार निळं त्यांनी बोटांवर घेतलं आणि मानेपासून खाली लावायला लागल्या. भेगा बुजत गेल्या. पोरीचे खांदे आधी दगडासारखे होते, मग नव्हते.

"नीट लाव हं. डाग ठेवू नकोस."

"पोलिसात होते मी, रंगारी नव्हते."

शाईने न वळता हात मागे केला आणि मावशीचं मनगट पकडलं. घट्ट. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली, मंडळी पडद्याकडे धावली, वकील पत्र्यासारखा खडखडला. पोरगी उठली आणि त्या गोंगाटात निघून गेली.

फौजदारबाईंनी स्वतःच्या पांढऱ्या बाहीकडे पाहिलं. निळा हात. पाचही बोटं स्पष्ट, आणि भोवती हळूहळू पसरत जाणारी तेलाची कडा.

त्या स्टुलावर बसल्या, पाय लांब केले, आणि बाहीला धक्का लागू नये अशा बेताने डोळे मिटले.